पाट्याची पिन

शिरोलीत कास्टिंग उतरवून
मगदूमांचा टेम्पो उद्यमनगरात आला, ऐन जेवणाच्या वेळी,
मागच्या डाव्या पाट्यातून करकरत.
गतिरोधकावर असा ओरडला
की सम्मेद म्हणाला, "आधी ह्याला वाढा, मग आपण बसू."

गोणपाट टाकून मी खाली सरकलो.
यू-बोल्टवर, शॅकलवर, जिथं हात लावीन तिथं
भट्टीची काळी वाळू, डिझेलात मळलेली.
आणि पिनेच्या टोकाला, ग्रीसचं निपल असतं तिथं,
नुसतं थोटूक. मान मोडलेली.

"मोडलं कसं हे?"
"दगड उडाला असंल की."
गाडीखालून मगदूम म्हणजे फक्त दोन पाय.
कापशी चपलेत उजवा अंगठा जरासा वर झाला.
खोटं बोलताना माणसाचा अंगठा हलतो,
हे अकरा वर्षं असं उताणं पडून कळलंय मला.

थोटकाला घासलेटचे चार थेंब पाजले.
भाकरी खाऊन आलो.
मोडक्या कानशीचं शेपूट ग्राइंडरवर निमुळतं केलं,
हलक्या हातानं भोकात ठोकलं,
पान्यानं उलटं फिरवलं.
पहिला आटा सुटतो तो कानाला नाही,
मनगटाला ऐकू येतो.

नवं निपल बसवलं. सम्मेदनं गन लावली.
एक दाब. दोन.
ग्रीस आत जाईना, उलटं फिरून
त्याच्याच कोपरापर्यंत ओघळलं.
"जोर लाव की रे," वरून मगदूम,
"मी तर दांड्याला पाईप घालून दाबतो."
सम्मेदनं खाली वाकून माझ्याकडं बघितलं.
दगडाचा विषय तिथंच मिटला.

मग जॅक, लाकडी ठोकळा, तांब्याचा ड्रिफ्ट, घण.
पिन बाहेर आली
गंध उगाळून झिजलेल्या खोडासारखी,
एका अंगानं खाल्लेली, निळी पडलेली.
टोकाकडून तार घातली. अडली.
कडेच्या भोकातून घातली. अडली.
उभं भोक आणि आडवं भोक
एकमेकांकडं निघालेली,
आणि मध्ये दोन सूत पोलाद तसंच राहिलेलं.
म्हणजे दिवाळीपासून हा माणूस
दर रविवारी भिंतीला ग्रीस पाजत होता.

"कुठनं आणलेली पिन?"
"शिकलगारांच्या लेथवरनं. जुना माल होता डब्यात, स्वस्तात दिला."
मी चिंधीनं पिनेचं तोंड पुसलं.
तीन ठिपके, खाली तिरकी रेघ.

रात्रपाळी. एकोणीस वर्षांचा मी.
नगाला सव्वा रुपया, सकाळपर्यंत दोनशे नग.
पहाटे चारला ड्रिलची धार गेलेली
आणि नवं ड्रिल मालकाच्या कपाटात, कुलूप लावून.
आत कोण बघतंय,
असं म्हणून मी किती पिनांवर खूण मारली
आता आठवत नाही.
खूण मात्र नीट मारलीय, एकेक ठिपका खोल.

"कुठल्या गाढवानं केली हो ही?"
"कारखान्यात काय, कोण पण असतंय," मी म्हणालो.
तेव्हा ध्यानात आलं,
माझे पाय गाडीबाहेर होते.

नवी पिन बसवली, कंपनीची.
तिसऱ्या दाबाला कडेनं ग्रीस डोकावलं, पिवळं, स्वच्छ.
मजुरी नको म्हटलं. मगदूम बावचळले,
मग शेजारच्या टपरीवरनं तीन चहा सांगितले.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून
जुनी पिन व्हाइसमध्ये धरली,
ती दोन सूतं पाडली.
मिनिटभराचं काम.
टोकाला ओठ लावून फुंकलं,
कडेनं वारा आला, लोखंडाच्या कीसासकट.

"भंगारात जाणाऱ्या पिनेला भोक कशाला?" सम्मेदनं विचारलं.
मी म्हटलं,
"ड्रिलला धार आहे का बघत होतो."