नळाला नर्मदा

एक दिवसाआड नळाला नर्मदा येते,
रामबागेत, पहाटे साडेपाचला.
आधी हंडे, मग यंत्राची नळी.
ते गाळतं, तापवतं, पुन्हा गाळतं,
पाण्याला मंडलेश्वरचा घाट विसरायला लावतं.
मग त्यात साखर, मीठ, आणखी काहीबाही.
पिशवी फुगते, अंगाइतकी कोमट.

शरयूच्या पानातलं मीठ
दोन वर्षांपूर्वीच गेलं.
सराफ्यातला गराडूही.

पंखा बंद करतो,
हात धुतो घड्याळाकडे बघत,
पिशवी उजेडाला धरतो: गढूळ नाही ना.

"चव घेतलीत का?" ती विचारते,
"तुमच्या हातचं नेहमी खारट."
मास्कच्या आत हसतो फक्त.
टोपण काढल्यावर बोलायचं नसतं.

दोन लिटर हळूहळू तिच्यात उतरतात.
बाहेर नळ फुसफुसतो,
थांबतो.
हंडा अर्धाच.