टाकी

आमच्या घरात त्याला टॉवर कुणीच म्हटलं नाही.
कासम परकार, आमचे अब्बा, कुवेतहून लिहायचे:
'इथे टाकी बांधतोय. उंच आहे. ऊन फार.'
आणि खेडला पैशांबरोबर हाच शब्द आला,
राहिला.

त्याआधी तिथलं पाणी गलबतांतून यायचं,
शत्त नदीच्या मुखाकडून,
मग पखालींत, गाढवांच्या पाठीवर, गल्लोगल्ली.
साइटचा म्हातारा चौकीदार बू-सालेह सांगायचा:
पहिल्यांदा घरात नळ सोडला
त्या रात्री झोपच लागली नाही.
एवढं पाणी, आणि विकायला ओरडणारं कुणी नाही!

गोळे पत्र्याच्या तबकड्यांनी मढवले.
चाळीसेक हजार. आठ छटा.
बेलग्रेडचा फोरमन त्या आकड्यांनी ओळखायचा,
अब्बा आपल्या नावांनी:
शेवाळ, कैरी, मोरपंख, चुलीतली राख,
बांगड्याची पाठ, बांगड्याचं पोट...
पुढच्या दोघींना नावं सापडली नाहीत.
फोरमनचा देश आता नकाशावर नाही.
टाकी आहे.

एकोणऐंशीत लोकांसाठी उघडली.
वर फिरता मजला, त्याच्या खालच्या गोळ्यात हॉटेल,
आणि जेवणाऱ्यांच्या पायांखाली पाणी.
अब्बा कधी गेले नाहीत.
'आतून पाहिलेलं पैसे देऊन काय बघायचं?'

नव्वदच्या ऑगस्टात सैन्य शिरलं.
बगदाद, अम्मान करत अब्बा घरी पोचले
ते एका पिशवीनिशी. लुंगी, पासपोर्ट,
आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक तबकडी.
चोरलेली नाही, उरलेली, म्हणाले
आणि भाताचं विचारू लागले.
अम्मीने ती माठावर ठेवली.
बरोब्बर बसली.

तिकडे टाकीची मोडतोड झाली. मग डागडुजी.
नव्या तबकड्या कुणी लावल्या,
त्यानं छटांना काय नावं दिली,
अब्बांनी विचारलं नाही. नंतर ते राहिलेही नाहीत.

मी आता फरवानियाच्या इस्पितळात नर्स.
सुट्टीच्या दिवशी तिकीट काढून वर गेले.
मजला फिरतो म्हणे, मला कळलं नाही;
चहा संपेतो समोरची मशीद मात्र
खिडकीबाहेर सरकली होती.
सगळं शहर दिसतं इथून.
फक्त टाकी दिसत नाही.

अम्मीला फोन लावला.
'आपलं काही दिसतं का गं?'
'नाही. नुसतं पाणी.'
तिकडे माठावरचं झाकण वाजलं.
'थांब,' ती म्हणाली, 'घोटभर पिऊन घेते.'