एक तोळा

शहापूरच्या आमच्या पेढीत राजा हे एक वजन होतं.
अप्पा एका पारड्यात राणीछाप ठेवायचे,
दुसऱ्यात कुणाच्या तरी बिलवराचा तुकडा,
काटा मध्ये थांबला की म्हणायचे, "तोळा."
जिच्या राज्यावर सूर्य मावळत नव्हता म्हणे
ती बारा मासे, शहाण्णव गुंजा,
जास्त नाही, कमी नाही.

आज्जाच्या काळी वेशीपलीकडे तिचा अंमल,
अलीकडे सांगलीकरांचा.
रुपया दोन्हीकडे चालायचा.
आता पाटीवर कन्नड मोठं, खाली मराठी बारीक,
आणि तोळ्याला कुणी विचारत नाही, सगळं ग्रॅममध्ये.

परवा बैलहोंगलहून पहिल्या बसनं होनव्वा आली.
नातीची नर्सिंगची फी भरायची होती.
बिस्किटाच्या डब्यातून तिनं सासूची माळ काढली,
एकवीस रुपये, काळ्या गोंड्यात ओवलेले,
प्रत्येकाच्या डोक्यावर डाख देऊन कडी बसवलेली.
मी ते मखमलीवर मांडले.

आई डावीकडे बघते,
मुलगा उजवीकडे, बोडक्या डोक्यानं,
नातू परत डावीकडे.
एका घरातली माणसं, पाठीला पाठ.
नातवाच्या झग्यावर हत्ती आहे.
त्या हत्तीला लोक डुक्कर म्हणाले
आणि टांकसाळीला रुपये माघारी घ्यावे लागले.
एवढं थोरलं राज्य,
एका आखूड सोंडेला घाबरलं.

दोन रुपये पोर्तुगालचे निघाले.
मिशाळ राजा, चोर्ला घाट चढून
मिठाच्या बैलांबरोबर आला असेल.
तोही तोळाभरच.

कणबरकर बाई फ्रेंच राज्यक्रांती शिकवताना
फळ्यावर पातं काढायच्या, खडू मोडायचा.
तेव्हा कळलं नव्हतं,
नाण्यावरचा राजा मानेपाशी कापलेलाच असतो.
फक्त तिथं गर्दी ओरडत नाही.

मुशीत टाकणखार घातला, निळी ज्योत लावली.
मला वाटलं होतं, मुकुट शेवटी जाईल.
पण डाखाला आच कमी लागते.
आधी कड्या सुटल्या,
मग नाकं बसली, मग अक्षरं,
सनावळ्या, हत्ती, मिशा,
आणि वर एकच थेंब फिरत राहिला, आरशासारखा,
त्यात माझा चष्मा.

एकविसावा हातात राहिला होता.
त्यावर कुणीच नव्हतं.
गुळगुळीत, दोन्ही अंगांनी.
"हे कुणाचं?" मी विचारलं, म्हणजे कुठल्या राजाचं.
"नम्म अत्तीचं," होनव्वा म्हणाली.
"मधोमध असायचं हे. जात्यावर बसली की
छातीवर खालवर, खालवर.
चाळीस वर्सं जोंधळा दळला तिनं."
काट्यावर ठेवलं. दीड मासा कमी.
दीड मासा कुठं गेला, पिठात, घामात,
कुणी हिशेब ठेवला नाही.
मी मुशीकडे हात नेला, तिनं मनगट धरलं.
"अद ब्याडा री. येवढं सोडा."

पैसे मोजून घेतले, दोनदा.
नाणं डब्यात टाकलं, झाकण लावलं,
रिकामा गोंडा मात्र माझ्याकडेच विसरला.

रात्री शटर ओढण्याआधी
अप्पांचं वजन खणातून काढलं,
डिजिटल काट्यावर ठेवलं.
अकरा पूर्णांक चार.
पुसलं, परत ठेवलं.
अकरा पूर्णांक चार.
म्हणजे तीही झिजत होती, आमच्याच बोटांनी,
आणि आम्ही गावाचं सोनं
तिच्यावर तोलत होतो.