नाव घालणारा

पहाटे पाचला उतरलो, सतरा जण,
पालीच्या सायंवर्गाची सहल,
परभणीपासून रात्रभर बसून आखडलेले.
रिक्षावाला म्हणाला, अंबाबाईला न्हवं?
नाही म्हटलं, ब्रह्मपुरीची टेकडी.
त्यानं आरशातून बघितलं माझ्याकडे.
तितं काय न्हाई ओ मावशी.
चर्च हाय एक. खाली नदी.

गंगावेशीत म्हशी उभ्या, धारा चाललेल्या.
फेसाचा कोमट पेला कुणी हातात दिला.
कुठनं आलायसा, एवढंच विचारलं,
कशाला, ते नाही.
इंगोलेबाई साखरेची गोळी विसरून दोन पेले प्याल्या.

टेकडीवर खरंच काही नव्हतं.
गवत, घरं, दोरीवर ओली चादर.
सोमवार, म्हणून संग्रहालयही बंद.
गजभारे सरांनी झेरॉक्स आणली होती
इथंच सापडलेल्या करंडकाच्या लेखाची,
ती फिरली या हातातून त्या हातात,
घडीवर अक्षरं उडालेली.
वाचा, सर म्हणाले, दोन नावं आहेत.
दान कुणाचं, ते एक.
घडवलं कुणी, ते दुसरं.
‘करवून घेतलं’ असाही अर्थ लागतो,
वादाचा मुद्दा आहे, लिहून घ्या.

मी नाही लिहिलं.
मला टिकटिक ऐकू येत होती.
आमचे हे एकतीस वर्षं
स्टेशनरोडच्या भांड्यांच्या दुकानात
नावं घालायचे.
चि. सौ. कां. हिस मामाकडून सप्रेम.
कैलासवासी अमक्यांच्या स्मरणार्थ.
वेलांटी हलू नये म्हणून श्वास धरायचे
आणि मला वाटायचं, तो घरी येऊनच सोडतात.
गावभर पराती, घागरी, कळश्या,
विहारातली पाण्याची टाकीसुद्धा.
देणारे सगळे आहेत तिथं.
ते गेल्यावर मी घरातली मांडणी रिकामी केली,
एकेक डबा उन्हात धरून पाहिला.
सगळ्यांवर माझंच नाव.
पिठाच्या डब्यावर तर दोनदा,
पहिल्यांदा काना राहिला होता.

झेरॉक्सवर त्या दुसऱ्या नावाखाली
मी बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.
मागून कुणीतरी म्हणालं, बाई, पुढे द्या.

रिक्षा खाली थांबलेली होती.
दिसलं का काय, मावशी?
दिसलं.
मग आता अंबाबाईला सोडू?
मी मागच्या बाजूला गेले होते.
टपावर तांबड्या अक्षरांत ‘आईची पुण्याई’,
आणि खाली कोपऱ्यात, चिखलाखाली, बारीक काहीतरी.
पदरानं पुसलं. चष्मा लावला.
पेंटर अन्सार, शिरोळ.
त्यो व्हय, रिक्षावाला म्हणाला, लई चिकट माणूस,
एका अक्षराला अर्धा दिस लावतोय.