सुरमई म्हणायचं होतं

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळचा लिलाव.
टोपली माझ्यासमोर. लांब, निळसर, अंगावर पट्टे,
आणि नाव येईना.
जिभेच्या टोकाशी आलं नि परत फिरलं.
"अगो बोल की," शेजारची रखमाय ओरडली.
मी बोट दाखवलं. "ही. ही बाराशे."
गिऱ्हाईक हसलं.

दापोलीच्या डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलेलं:
बोटांना मुंग्या येतील.
आल्या, शिंगाळ्याचा काटा लागल्यासारख्या.
सोड्याची चव बिघडेल.
गोटी सोडा आता गंजका खिळा चोखल्यासारखा.
शब्द हरवतील थोडे.
पाणी पीत राहा, नाहीतर मूतखडा.
मूल हवंसं वाटलं तर आधी माझ्याकडे ये,
मग नवऱ्याकडे.
हे त्यांनी हसत सांगितलं, पण दोनदा.

माझी अर्धशिशी.
महिन्यातले नऊ दिवस डाव्या डोळ्यामागे
कुणीतरी कोयती घासत बसायचं.
आता दोनच दिवस.
हरेशला, माझ्या दिराला, फिट.
गोळी तीच. त्याची मोठी, माझी लहान.
सासू दोन्ही पाकिटं एकाच डब्यात ठेवायची,
घरातलीच ना, म्हणायची.
मी वेगळी केली.
त्याची मसाल्याच्या फळीवर, माझी देवांच्या मागे.

बंदी उठली. हरेश ट्रॉलरवर गेला,
नको सांगितलेलं असताना.
"सात महिने काय झालं नाय, वयनी. बरा झालो."
पाकीट फळीवरच राहिलं.
तिसऱ्या रात्री जाळं ओढता ओढता पडला.
एक झटका संपतो तोवर दुसरा.
कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल,
तांडेलाने मुठीत किल्ली कोंबली.
अलीम खलाशाने तेवढं
त्याला कुशीवर वळवलं, दोरखंड लांब सारले,
आणि वायरलेसवर ओरडत राहिला.

वाचला.
बाई त्याला एवढंच म्हणाल्या,
"आजार गेला नव्हता रे. गोळी दारात उभी होती.
तू तिलाच घरी धाडलंस."

मी मागे उभी, पदरात माझं पाकीट.
त्याच आठवड्यात ते खाडीत टाकणार होते मी.
मासळी विकणारीचं सगळं तोंडावर चालतं,
तोंडच मुकं झालं तर डोकं शाबूत ठेवून करू काय?
ते बाईंना सांगितलं. सांगताना रडले थोडी.
त्यांनी गोळी कमी केली,
एकदम नाही, आठवड्या-आठवड्याने,
तारखा चिठ्ठीवर लिहून.

हरेश आता जाळी विणतो.
पाण्यात एकटा उतरत नाही,
त्याचा राग अजून गेलेला नाही.
रात्री नऊला मात्र पडवीतून हाक येते,
"वयनी, घेतलीस?"
"घेतली. तू?"

काल भाकरी थापताना एकदम आठवलं.
सुरमई.
मोठ्याने म्हटलं. घरात कुणी नव्हतं.
बाराशेला गेली ती.
पंधराशेची होती.