सातवा रकाना

चोपड्याच्या सरकारी दवाखान्यात
क्षयाच्या खोलीला लागून माझी खोली.
दारावर पाटी नाही.
दोनदा लावली, दोनदा कुणीतरी काढून नेली.
टेबलावर फॉर्म, फॉर्मात सातवा रकाना:
कुटुंब स्थलांतरित आहे का?
होय. नाही.
अकरा वर्षं मी इथं खुणा करतेय.

नावं बदलून सांगते.

सायकी पावरा. सातपुड्यातल्या पाड्यावरची.
दिवाळी सरली की ट्रकच्या हौद्यात बसून
बारडोलीकडे, ऊसतोडीला.
पाचवा महिना होता. मी 'होय'वर खूण केली
आणि लाल पेनानं खाली लिहिलं:
ही सुटणार. पाठपुरावा करावा.
गोळी रात्री नऊला, म्हटलं.
तिच्याकडे घड्याळ नव्हतं.
तिनं विचार केला, म्हणाली,
कारखान्याचा भोंगा होतो तेव्हा घेईन.

वृषाली भदाणे. तापीकाठचं गाव,
परसदारापासून केळीची बाग.
सोबत सासू, डोक्यावर पदर, हातात पिशवी.
"आम्ही कोठेच गयेल नहीत, बाई.
आमनं समदं आठेच."
तिसऱ्या महिन्यातली तपासणी निर्मळ आली.
मी 'नाही'वर खूण केली.
शेवटच्या महिन्यात पुन्हा रक्त बघायचं असतं,
हे मला पाठ आहे.
पण त्या घराला पुन्हा कसं बोलवायचं?
काय सांगून बोलवायचं?
मलाच लाज वाटली.
फाईल मी कपाटात ठेवली, वरच्या खणात,
झालेल्या कामांच्या.

भोंगऱ्याच्या बाजाराला सायकी परत आली,
गळ्यात चांदी, झोळीत दीड महिन्याचं पोरगं.
हिरव्या पुस्तकाचा कोपरा मुंग्यांनी खाल्लेला,
पानं उसाच्या रसानं चिकटलेली,
पण शिक्के होते. व्याऱ्याचा, बारडोलीचा,
एक गुजरातीत, मला वाचता न येणारा.
बाळाला पाजायचं सिरप संपलेलं. बाटली धुऊन आणलेली.

त्याच दुपारी बालवॉर्डातून चिठ्ठी आली.
सात महिन्यांचं बाळ, वजन भरत नाही,
जिभेवर पांढरं, ताप जाऊन येऊन.
आईचं नाव वाचलं
आणि मी उगाच पंखा बंद केला.

दोन टाचा. मी तळहातात धरून ऊब दिली,
रक्त खाली उतरावं म्हणून.
दोन्ही पोरं सारखीच रडली.
कार्डावर पाच-पाच वर्तुळं,
ती खिडकीशी वाळत ठेवली, उन्हापासून जरा दूर.
चार तास लागतात.
लाल रंग हळूहळू तपकिरी झाला,
कपड्यावर पडलेल्या केळीच्या चिकासारखा,
जो आधी दिसत नाही आणि नंतर जात नाही.
कुठलं कार्ड कुणाचं,
ते नंबर वाचल्याशिवाय मला सांगता आलं नसतं.

महिन्यानं कागद आले.
तिथंही तोच प्रश्न, जरा वेगळा:
विषाणू आढळला का?
सायकीच्या मुलापुढे: नाही.
आता पुढची परीक्षा अठराव्या महिन्यात.
तिला फोन लागेना, पाड्यावर रेंज नाही.
तो 'नाही' सात आठवडे माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होता,
मी रोज उघडून बघायची.

दुसरा कागद मी त्याच दिवशी दिला.
वृषाली काही बोलली नाही.
पदराखालचं बाळ तिनं
एका बाजूचं सोडवून दुसऱ्या बाजूला घेतलं.
सासू मात्र माझ्याकडेच बघत राहिली.
"मंग हाई कोठून उनं, बाई?"
मला वाटलं, म्हणावं:
माझ्या कपाटाच्या वरच्या खणातून.
मी म्हटलं, औषध आहे. रोज. वेळ चुकवायची नाही.

म्हातारीनं पिचकारी उजेडात धरली,
रेघा मोजल्या, तीनदा, चष्मा वर करून.
मग विचारलं, किती वाजता?
सकाळी नऊ, रात्री नऊ.
"रातले तं मन्ही मालिका लागस," ती म्हणाली,
"गानं वाजनं का दिसू."

सातवा रकाना अजून आहे.
मी तो भरते. शासनाला लागतो.
पण नवव्या महिन्यात आता मी सगळ्यांना बोलवते,
आणि कुणी म्हणालं, आम्ही तर इथलेच,
तर म्हणते, बसा. बाही वर करा.