परत आलेलं तोरण

वडगावच्या मागावरचे उरलेले काठ,
खानापूरच्या भट्टीतले मणी.
शिवलीला मणी मोजते कन्नडात,
मी गाठी मराठीत.
चुकलो की दोघी पहिल्यापासून.

खोकी चपलांच्या दुकानातली,
आत चुरगाळलेला पेपर,
कधी तिच्या घरचा, कधी माझ्या.

आज पुण्याहून तोरण परत आलं.
कारण : फोटोत रंग वेगळा होता.

फोटो तिच्या गच्चीवर काढलेला,
साडेपाचला,
शेजारी सासूबाई मिरच्या राखत बसलेल्या.
ते ऊन खोक्यात कसं भरायचं?

शिवलीलानं कुरिअरचे एकशेदहा वहीत मांडले,
स्टूल ओढलं,
तोरण आमच्याच दाराला लावलं.
एक बाजू खाली आलीय, म्हटलं.
‘बिडू’, ती म्हणाली.

मोजताना चुकलं खरं.
कुठल्या भाषेत,
ते अजून ठरायचंय.